मदत हवी आहे: लकव्यानंतर वडिलांना बोलता येईना, पण आकडे आणि भजन बरोबर येतंय

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहितोय. आमच्या अण्णांना (वय ६४, शुगर बीपी दोन्ही) संक्रांतीच्या सुमारास लकवा मारला, उजवा हातपाय गेला, तोंड वाकडं झालं. नांदेडला नेलं, एमआरआय झाला, रिपोर्टात डाव्या बाजूचा एमसीए इन्फार्क्ट (म्हणजे मेंदूच्या मोठ्या धमनीचं रक्त अडून तिथला भाग मेला) लिहिलंय. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले 'ब्रोकाज अफेजिया (मेंदूच्या इजेमुळं बोलणं अडणं) आहे, स्पीच थेरपी चालू करा', बाहेर पेशंटची रांग, पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

पाय बराच सुधारलाय, काठी घेऊन ओट्यापर्यंत जातात. हात अजून लुळाच आहे. पण खरी अडचण बोलण्याची. चहा पाहिजे असला तर "ते... ते... च..." एवढंच निघतं, मग चिडून हात आपटतात. आणि तेच अण्णा, एक दोन तीन सुरू करून दिलं की वीसपर्यंत न अडखळता जातात, एकादशीला मंदिरात भजन लागलं की खाटेवर बसून आख्खा अभंग म्हणतात, शब्द न शब्द स्पष्ट! त्यातलाच एखादा शब्द नंतर नुसता म्हणायला लावला तर येत नाही. हे कसं काय?

दुसरं म्हणजे अण्णा मोंढ्यात आडतीवर मुनीम होते, सगळा हिशोब तोंडी. आता पाव्हणे येऊन त्यांच्या समोरच म्हणायलेत की यांचं डोकं गेलं, यांना काही कळत नाही, एक जण तर शेताच्या कागदावर अंगठा घ्यायचं बोलून गेला. मला हे अजिबात पटत नाही. मागं सोयाबीनची पट्टी (विक्रीचा हिशोबाचा कागद) आली त्यात तोलाई (वजनाचा खर्च) दोनदा लागली होती, ती अण्णांनीच बोट ठेवून दाखवली. पण जेवलात का विचारलं की हो च्या जागी नाही म्हणतात, मग घरच्यांना पण शंका येते. कुणाला माहिती असेल तर प्लीज नीट समजून सांगा, लई टेन्शन आहे.

प्रतिसाद
दादा, मी लातूरला स्पीच थेरपिस्ट आहे. पट्टीतली चूक पकडणाऱ्या माणसाचं डोकं गेलेलं नसतं, हे पाव्हण्यांना ठणकावून सांगा.

शब्द जुळवून तोंडावाटे काढायचं काम ब्रोकाच्या भागाचं, तो डाव्या कपाळाच्या मागं खालच्या अंगाला असतो. ऐकलेल्याचा अर्थ लावणारा वर्निकेचा भाग तिथून मागं, कानाच्या वर. एमसीए ही मोठी धमनी दोन्हीकडं रक्त नेते पण फांद्या वेगळ्या, जायकवाडीच्या कालव्याची एक चारी बंद पडली की तिच्यावरचंच रान वाळतं तसं. पुढची फांदी बंद पडली की कळतं पण बोलता येत नाही, मागची बंद पडली तर माणूस भडाभडा बोलतो आणि त्याचा अर्थच लागत नाही. हात आणि तोंड हलवणारी पट्टी ब्रोकाच्या भागाला लागूनच आहे म्हणून ते दोन्ही गेले. पायाचा भाग मेंदूच्या मधल्या खाचेत, तिथं रक्त दुसऱ्या धमनीचं, म्हणून पाय लवकर सावरला.

ज्याच्या नावावरून हा भाग ओळखला जातो त्या डॉक्टर पॉल ब्रोकाकडं १८६१ साली पॅरिसमध्ये असाच पेशंट आला होता, समजायचं सगळं पण तोंडातून फक्त 'टॅन' निघायचं. तो वारल्यावर मेंदू पाहिला तर इजा डाव्या बाजूला पुढं.

आकडे, अभंग, देवाचं नाव, शिवी सुद्धा, हे पाठ असलेलं बोलणं असतं, ते दरवेळी नव्यानं जुळवावं लागत नाही आणि चालीच्या कामात उजवा मेंदू बराच भाग घेतो. यावरूनच १९७३ साली अमेरिकेत चालीवर बोलायला शिकवायची थेरपी निघाली. तुम्ही घरी "च-हा द्या" असं दोन सुरांत म्हणा, प्रत्येक अक्षराला त्यांच्या डाव्या हातानं मांडीवर ठेका धरा. टीव्ही बंद ठेवा, एका वेळी एकच प्रश्न, आणि शब्द लगेच त्यांच्या तोंडातून ओढून घेऊ नका, थांबा. हो-नाहीची गल्लत या आजारात होतेच, त्यासाठी अंगठा वर-खाली करायला शिकवा. लांबलचक वाक्य मात्र त्यांना चुकीचं कळू शकतं, म्हणून रीतसर तपासणी झाल्याशिवाय कुठल्याच कागदावर अंगठा नको. पाणी पिताना ठसका लागतो का तेवढं सांगा.

प्रतिसाद
आमच्या आईचं पण असंच होतं, अंबाजोगाईला. मोबाईलमधले फोटो प्रिंट करून वही केली होती, चहा, संडास, गोळी, नातवंडं, ती बोट ठेवायची. चिडचिड निम्म्यावर आली. पहिल्या तीन-चार महिन्यांत फरक जास्त पडला पण नंतर पण शब्द येत राहिले, सोडू नका.

धागाकर्ता
ताई, लई आभार. तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, अण्णा पण ऐकत होते. ठसका लागतो, पातळ पाण्यालाच जास्त. आणि अधूनमधून एकदम रडायला लागतात, हे पण मेंदूमुळंच का?

प्रतिसाद
ठसक्याचं उद्याच डॉक्टरांच्या कानावर घाला, पाणी फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. तोपर्यंत बसवूनच पाजा, छोटे घोट, हनुवटी थोडी खाली. रडणं इजेमुळं होऊ शकतं किंवा डिप्रेशनमुळं, दोन्हीवर औषध आहे, न्यूरोलॉजिस्टला सांगा. थेरपी व्हिडिओ कॉलवर पण होते, मला व्यनि करा.