सीजीपीए ५.९, समर इंटर्नशिप मिळेल का? अर्जंट मदत हवी

शेंगाचटणी: १४ ठिकाणी अर्ज टाकले, एकाचंही उत्तर नाही. दोन ठिकाणी तर ५.९ टाकलं की 'पुढे'चं बटणच चालेना. इस्रोपण बघितलं. काय करू? 'अभ्यास कर' सांगू नका.

सातरस्ता: शाखा? वर्ष? बॅकलॉग? नुसतं 'दुखतंय' म्हटल्यावर डॉक्टर तरी काय करणार?

शेंगाचटणी: मेकॅनिकल, तिसरं वर्ष. बॅकलॉग आता नाही.

सातरस्ता: 'आता नाही' म्हणजे?

शेंगाचटणी: एम-थ्री, गणिताचा तिसरा पेपर, दोनदा राहिला. निघाला.

जुनी_गिरणी: आमच्या वेळी लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये मार्क कुणी विचारत नव्हतं. हात बघायचे, कामाला लावायचे.

गेटवाला: इंटर्नशिप सोड, गेटची परीक्षा दे. तिसऱ्या वर्षालाही बसता येतं.

सातरस्ता: त्यानं विचारलंय काय, तू सांगतोस काय! इस्रोचं सोड, त्यांना ६० टक्के किंवा ६.३२ सीजीपीए लागतो. मागच्या सेमला किती?

शेंगाचटणी: ७.८

सातरस्ता: मग हे आधी सांगायचं की बे! सेमवार आकडे लिही, चढ दिसू दे.

हिप्परगा: माझं ऐक, रेझ्युमेवर सीजीपीए टाकूच नको. मी नव्हता टाकला, पुण्यात काम झालं.

सातरस्ता: रेझ्युमेत गाळ, चालेल. फॉर्ममध्ये विचारला तर ५.९ चा ६ करू नको. पुढं मार्कशीट मागतात, तिथं अडकशील. प्रोजेक्ट काय केलाय?

शेंगाचटणी: काही नाही. सुट्टीत मामाच्या टॉवेलच्या कारखान्यावर असतो. एका लूमची पिकिंग स्टिक, म्हणजे धोट्याला फटका मारणारी काठी, दर पंधरवड्याला तुटायची. सगळे म्हणायचे लाकूडच खराब. मी तुटलेल्या आठ काठ्या शेजारी मांडल्या, सगळ्या एकाच जागी तुटलेल्या. मग काठी जिथं आदळते तिथला बफर बदलून बघितला. दोन महिने झाले, तुटली नाही. पण ते घरचं काम, प्रोजेक्ट थोडाच.

सातरस्ता: 😐 अरे, हाच तर प्रोजेक्ट! आधी काय होतं, काय बदललं, किती काठ्या आणि किती तास वाचले, एका पानात लिही. पोर्टलवर टाकत बसू नको. चिंचोळी एमआयडीसीत मेंटेनन्सच्या माणसाला गाठ, ते पान हातात दे.

हिप्परगा: चिंचोळीत स्टायपेंड देत नाहीत.

सातरस्ता: तुला विचारलंय का?

आहेर_२००: मामांकडं टॉवेल होलसेलमध्ये मिळतील का? बहिणीचं लग्न आहे, २०० नग हवेत.

जुनी_गिरणी: बफर चामड्याचा घातला का रबराचा?

शेंगाचटणी: रबराचा. टॉवेलचं मामाला विचारतो. काठ्यांचे फोटो पण टाकायचे का? आठातल्या सहा मामीनं बंबात घातल्या.