मदत हवी आहे: 'रद्द करा'ला दुसरा मराठी शब्द सुचवा (तातडीचं)

ओवी_क
ॲपच्या बटणावर 'रद्द करा'ऐवजी काय लिहू? लोक सारखं चुकीचं बटण दाबतायत. डेव्हलपर म्हणतो शब्द द्या, पाच मिनिटांत बदलतो. सोमवारी नवीन आवृत्ती जायची आहे. 'खारीज', 'निरस्त' असलं काही नको. लवकर सांगा प्लीज.

टंकलेखक
कुठलं ॲप, कुठला स्क्रीन? बटणाच्या वर प्रश्न काय लिहिलाय? त्याशिवाय कोण काय सांगणार?

घाटवाट
सरळ 'कॅन्सल' लिहा. आमची आजीसुद्धा 'एसटी कॅन्सल झाली' म्हणते.

विसोबा
का म्हणून? रद्द चांगला रुळलेला शब्द आहे. काढायचंच असेल तर सगळ्या ॲपांमध्ये बोकाळलेलं 'पुष्टी करा' काढा. ते हिंदीतून जसंच्या तसं उचललंय. आपण 'खात्री करा' म्हणतो.

घाटवाट
रद्द तरी कुठे आपला? अरबीतून आलाय.

विसोबा
आला आणि रुळला. मुद्दा तोच आहे.

ओवी_क
अहो, भांडू नका. पतसंस्थेचं पिग्मी एजंटांसाठीचं (रोज दुकानोदुकानी जाऊन बचतीचे पैसे गोळा करणाऱ्यांसाठीचं) ॲप आहे. रक्कम चुकली की एजंट पावती रद्द करतो. तेव्हा चौकट येते, 'पावती रद्द करायची आहे?' खाली दोन बटणं: 'रद्द करा' आणि 'ठीक आहे'. एजंट 'रद्द करा' दाबतात आणि पावती तशीच राहते. संध्याकाळी भरणा जुळत नाही, फरक त्यांच्या खिशातून जातो. काल एक काकू शाखेत रडल्या हो. ५०० रुपये.

टंकलेखक
ताई, हे पहिल्यांदाच लिहायचं होतं. मूळ इंग्रजीत 'कॅन्सल' आणि 'ओके' असणार. तिथला 'कॅन्सल' म्हणजे 'ही चौकट बंद कर'. पण प्रश्नच रद्द करण्याचा असल्यामुळे काकूंनी वाचलं ते अगदी बरोबर वाचलं. शब्द बदलून काही होणार नाही, दोन्ही बटणं बदला. प्रश्नात रक्कम आणि नाव घाला:

'शिंदे किराणा, ₹५००. ही पावती रद्द करायची?'
'हो, रद्द करा' / 'नको, राहू दे'

बटण एकटं वाचलं तरी काय होणार ते कळलं पाहिजे. एजंट दुकानाच्या दारात उभा असतो, एका हातात नोटा, दुसऱ्यात फोन, वर ऊन. तो प्रश्न वाचतच नाही, थेट बटण बघतो.

निळावंती
मी म्हणेन चौकटच काढून टाका. पावती लगेच रद्द करा आणि खाली दहा सेकंद 'परत घ्या' दाखवा. आमच्या ऑर्डरच्या ॲपमध्ये तसंच केलंय, तक्रारी थांबल्या.

टंकलेखक
पैशाच्या व्यवहारात नको. दहा सेकंदांत एजंट फोन खिशात टाकून पुढच्या दुकानात गेलेला असतो.

निळावंती
चौकटींची सवय झाली की लोक न वाचताच दाबतात, हेही खरंच आहे ना?

ओवी_क
सांगायचं राहिलं, पावती रद्द होताक्षणी सभासदाला एसएमएस जातो. त्यामुळे परत घेणं जमणार नाही.

बिंदूसरा
एसएमएस मराठीत असेल तर जपून. इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. शिवाय काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'रद्द' दिसायला दोन अक्षरं, मोजायला चार. आणि मजकूर बदललात तर डीएलटीवर (संस्थांच्या एसएमएसचा मजकूर आधी नोंदवायची यंत्रणा) टेम्प्लेट पुन्हा मंजूर करून घ्यावं लागेल, ते सोमवारपर्यंत होणं कठीण.

ओवी_क
एसएमएस बदलत नाहीये, फक्त बटण.

सोलापूरकर
पिग्मीवर हल्ली व्याज किती मिळतं? बाय द वे, ही योजना सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये उडुपीत सुरू केली, रोज दोन आणे.

विसोबा
व्याजासाठी वेगळा धागा काढा. टंकलेखक यांचा 'नको, राहू दे' आवडला. घरात बोलतात तसं आहे.

ओवी_क
आज दुपारी त्या काकूंना आणि आणखी दोघांना कागदावर दोन्ही चौकटी काढून दाखवल्या. जुनीवर तिघंही 'रद्द करा'वर गेले. नवीनवर तिघांनीही बरोबर बोट ठेवलं. काकू म्हणाल्या, "नाव दिसलं ते बरं झालं, परवा मी दुसऱ्याचीच पावती उघडली होती." हे मला सुचलंच नव्हतं! टंकलेखक, मनापासून आभार.
आता नवीनच अडचण. बटणात 'हो'ची वरची मात्रा आणि 'राहू'चा ऊकार कापला जातोय. डेव्हलपर म्हणतो फॉन्ट बारीक करा.

टंकलेखक
बारीक अजिबात नको, काकूंना दिसणार नाही. बटणाची उंची इंग्रजीच्या मापाने पक्की बांधलेली असेल, ती मोकळी सोडायला सांगा आणि ओळीची उंची वाढवा. अक्षरांमधलं अंतर वाढवलं असेल तर तेही शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते. आणि दोन बटणं शेजारी मावत नसतील तर एकाखाली एक ठेवा, 'नको, राहू दे' खाली, अंगठ्याजवळ.

ओवी_क
सांगते त्याला. फोन कुठला विचाराल म्हणून आधीच लिहिते: पाच इंची, जुना अँड्रॉइड.