निकालाची वाट बघत गप्प का बसायचं?
महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाबद्दल एकांनी विचारलंय, 'कोर्टाचा निकाल लागेपर्यंत बोलून उपयोग काय?' मला हे पटत नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तोवर माणसांनी काय करायचं? आम्ही कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. शेताचा कन्नड उतारा आला की आई शेजारच्या कन्नड काकूंकडे जाते. त्या चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवत मराठीत अर्थ सांगतात. (त्यांच्या घरी मराठीही बोलतात.) खरं तर भाषिक अल्पसंख्याक १५-२० टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्राच्या १९५६ च्या निवेदनातच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही राज्यांच्या तीन-तीन मंत्र्यांनी एकत्र बसायचं ठरलं होतं. त्यांनी आधी हे कागद तरी मराठीत द्यायला लावावेत.