मदत हवी आहे : मॅरेथॉनच्या सरावासाठी तूप-दाणे की भात-पोळी?

नमस्कार. डिसेंबरच्या पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनची तयारी करताना आमच्या चमूतील एका ज्येष्ठ धावपटूंनी मला भात-पोळी जवळपास बंद करून तूप, पनीर, खोबरे आणि दाणे यांवर भर देण्यास सुचवले आहे, कारण शरीरातील चरबीचा साठा ग्लायकोजेनपेक्षा (म्हणजे स्नायू व यकृतातील कर्बोदकांच्या साठ्यापेक्षा) कितीतरी मोठा असतो. ते खरेच आहे. मात्र २०१७ साली क्रीडा-आहार संशोधक लुईझ बर्क आणि सहकाऱ्यांनी चालण्याच्या शर्यतीतील अव्वल खेळाडूंवर केलेल्या अभ्यासात, स्निग्ध आहाराने चरबीचे ज्वलन वाढले, तरी त्याच वेगासाठी प्राणवायू अधिक लागला आणि शर्यतीची वेळ सुधारली नाही. भरपूर कर्बोदके घेणाऱ्यांची मात्र सुधारली.

माझे लक्ष्य साडेचार तासांचे, म्हणजे संथच आहे. अशा धावपटूला हा निष्कर्ष कितपत लागू पडतो? हलक्या सरावाच्या दिवशी कर्बोदके कमी आणि सिंहगडाच्या चढाआधी पोहे किंवा भात, अशी विभागणी कुणा शाकाहारी धावपटूने करून पाहिली आहे का? शिवाय धावताना ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत असे सांगतात. धावपटू घेतात ते कर्बोदकांचे तयार जेल पोटाला सोसत नसल्यास खजूर चालेल का? (मला मधुमेह नाही, हे आधीच नमूद करतो.) धावपटूंना मार्गदर्शन करणारे पुण्यातील आहारतज्ज्ञ माहीत असल्यास कृपया तेही सुचवावे.