कमी होणारा पट: मराठी प्राथमिक शाळांविषयी आपले अनुभव

महाराष्ट्रात 20 किंवा त्याहून कमी पट (विद्यार्थीसंख्या) असलेल्या सरकारी शाळांची संख्या 2023 साली समोर आली तेव्हा ती 14,783 होती, आणि त्याच वर्षी अशा शाळांच्या जागी समूह शाळा (जवळच्या लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा) उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने जिल्ह्यांकडून मागवले. या विषयावर मते पुष्कळ मांडली गेली. प्रत्यक्ष पाहिलेले मात्र फार थोडे लिहिले गेले. म्हणून शिक्षक, पालक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना आम्ही विनंती केली की मुले का गेली, कोठे गेली आणि मागे राहिलेल्यांचे काय झाले, एवढेच लिहावे, आणि गाव, शाळा किंवा व्यक्तीचे नाव टाळावे.

शिक्षिका, पाटण तालुका, सातारा

आमची शाळा डोंगरउतारावरच्या वाडीत आहे, पहिली ते चौथी. मी रुजू झाले तेव्हा आम्ही दोघे शिक्षक होतो. शिक्षण हक्क कायद्यानेही 60 पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक सांगितले आहेत. एकाने पहिली-दुसरी आणि दुसऱ्याने तिसरी-चौथी सांभाळली की अध्यापन नीट होत असे. पुढे सहकारी बदलीने गेले आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही. त्यानंतर 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटानुसार शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे, निकषच बदलले, आणि 20 पर्यंतच्या पटाला एक नियमित शिक्षक व दुसरा शक्यतो निवृत्तांमधून, असे ठरले. वाडीपर्यंत चढून येणारे निवृत्त शिक्षक आम्हाला मिळाले नाहीत.

पहिलीच्या मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी चौथीची मुले भागाकारात अडलेली असतात. शिक्षण परिषद, प्रशिक्षण, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या सरकारी शालेय माहिती प्रणालीत भरायची माहिती ही कामे मुलांच्या संख्येप्रमाणे कमी होत नाहीत. मी तालुक्याला गेले की अंगणवाडीच्या ताई मुलांकडे लक्ष देतात. पालकांना हे सर्व दिसते. एका वडिलांनी दाखला मागताना स्पष्ट सांगितले, “बाई, तुमच्याबद्दल तक्रार नाही, पण एकटीने चार वर्ग कसे होणार?” मला उत्तर देता आले नाही. पट कमी म्हणून शिक्षक कमी झाला, हे कागदावर दिसते. शिक्षक कमी झाल्यामुळे पट आणखी उतरला, ही दुसरी बाजू कोणत्याही रकान्यात भरता येत नाही. त्यातच संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते आणि ज्यांचे आधार वैध ठरलेले नाही अशी मुले त्यात धरली जात नाहीत. माझ्या वर्गातील दोन भावंडांच्या नोंदी जुळत नव्हत्या. रोज समोर बसणारी ही मुले त्या वर्षी हिशेबात नव्हती.

निवृत्त केंद्रप्रमुख, रत्नागिरी जिल्हा

आमच्याकडे मुले दुसऱ्या शाळेत गेली असे म्हणणे अपुरे आहे. अनेक वाड्यांत मुलेच उरलेली नाहीत. 2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. तरुण जोडपी विरार, नालासोपारा, दिवा येथे स्थायिक झाली, त्यांची मुले तिकडेच शाळेत आहेत आणि गावची घरे गणपतीला व शिमग्याला उघडतात. राज्याचा जननदरही (एका स्त्रीमागे सरासरी मुले) 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1.7 वर आला आहे. अशा ठिकाणी शिक्षकाला पटाबद्दल जाब विचारणे अन्यायाचे आहे, असे मी बैठकांत सांगत आलो. पण हेही लिहिले पाहिजे की ज्या शाळेत तीनच मुले आणि तीन वेगळ्या इयत्ता आहेत, तेथे मुलाला खेळायला आणि भांडायलाही सोबती नसतो. दारापर्यंत खात्रीचे वाहन येत असेल तर अशा शाळेचे जवळच्या शाळेत समायोजन व्हावे, असे माझे मत आहे.

पालक, शहापूर तालुका, ठाणे

वरील मतातील “खात्रीचे वाहन” या शब्दांबद्दल मला लिहायचे आहे. आमच्या पाड्यावरची शाळा पट कमी म्हणून बंद झाली तेव्हा वाहतूक भत्ता मिळेल असे सांगितले गेले. भत्ता उशिरा येत असे, आणि आला तरी त्या रस्त्यावर चालणारे वाहनच नव्हते. पावसाळ्यात मधला ओढा भरला की मुले परत फिरत. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असे राज्याचे नियम सांगतात. आमच्या वाटेने ते अंतर बरेच जास्त भरते. मुलगे मोठ्या मुलांसोबत जात राहिले. शेजारच्या दोन मुलींची शाळा मात्र तेथेच थांबली.

पालक, हवेली तालुका, पुणे

आम्ही मुलाला इंग्रजी माध्यमात घातले त्याचे कारण इंग्रजीची ओढ एवढेच नव्हते. तो तीन वर्षांचा असताना त्या शाळेची नर्सरी होती, घरासमोर बस येत होती आणि आम्ही दोघेही कामावर जात होतो. जिल्हा परिषदेची शाळा त्याला सहाव्या वर्षी घेणार होती. तोपर्यंत त्याचे मित्र आणि सवय तिकडेच झाली होती. शिक्षक पटनोंदणीसाठी दारी आले तेव्हा खरे तर उशीर झालेला होता. करोनाच्या काळात शुल्क भरणे अशक्य झाल्यावर आम्ही त्याला गावच्या शाळेत आणले. तेथे त्याचे मराठी वाचन सुधारले, गणितही सुधारले, आणि तो तेथेच राहिला.

शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, बीड जिल्हा

सप्टेंबरमध्ये आमचा पट चांगला असतो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघाल्या की वर्ग अर्धा रिकामा होतो. हंगामी वसतिगृह वेळेत सुरू झाले तर मुले आजी-आजोबांकडे राहतात. नाही झाले तर आई-वडिलांबरोबर कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) जातात. ही घट कोणत्याही वार्षिक आकड्यात दिसत नाही.

शिक्षक, सत्तरी, गोवा

मुक्तीनंतर गावोगावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या आणि आमच्या आई-वडिलांची पिढी तेथेच शिकली. 2011 मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला. माझ्या शाळेतील आजची मुले बहुतेक मजुरी करणाऱ्या कुटुंबांची आहेत, त्यातील काहींची घरची भाषा कन्नड आहे. ती फार चांगले मराठी शिकतात, आणि शाळा त्यांच्यामुळे चालू आहे.

शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा

आमच्या शाळेचा पट वाढला. सेमी इंग्रजी सुरू केले, अंगणवाडीतील मुलांना वर्षभर आठवड्यातून एकदा वर्गात बसवले, ग्रामस्थांच्या वर्गणीतून खोली दुरुस्त केली. सत्कारही झाले. मात्र प्रवेश तपासताना लक्षात आले की आलेल्यांपैकी बरीच मुले शेजारच्या वाडीतील जिल्हा परिषद शाळेतूनच आली होती, आणि तेथील शिक्षक अतिरिक्त (पटाच्या मानाने जास्त) ठरण्याच्या बेतात होते. पुढच्या वर्षी आम्ही दोन्ही शाळांनी पटनोंदणी एकत्र केली. त्या वाडीतील पालकांना मी स्वतः भेटून सांगितले की मूल तेथेच ठेवा, इंग्रजीच्या तासाला मी आठवड्यातून दोनदा तिकडे येईन. काहींनी ऐकले, काहींनी नाही. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडे या तासांची रीतसर परवानगी मागितली आहे. ती अजून मिळालेली नाही, पण तास चालू आहेत.