स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे धावणं बंद, सायकल सुरू केली तर गुडघा दुखतोय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चार वर्षं नियमित धावते आहे. हाफ मॅरेथॉनच्या तयारीत अंतर घाईघाईने वाढवलं आणि उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर दुखायला लागलं. शिन स्प्लिंट्स (धावण्याच्या ताणाने होणारं नडगीचं दुखणं) असतील म्हणून बर्फ लावून पळत राहिले. पण ते दुखणं नडगीच्या बऱ्याच लांबीवर पसरलेलं असतं. माझं अगदी बोट ठेवून दाखवता येईल असं एकाच जागी होतं आणि रात्री पडल्या पडल्याही ठणकायचं. एक्स-रेमध्ये काहीच आलं नाही, एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला गेलेली बारीक चीर, निघालं. (कुणाला असं होत असेल तर कृपया लक्षात ठेवा, सुरुवातीला एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो. त्यावर विसंबून पळत राहू नका.)

धावणं थांबवून सात आठवडे झाले. चालताना आता दुखत नाही. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, आणि खरं सांगते, पहिल्या दिवशी घाम आला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पाय आपटत नसल्यामुळे नडगीची काहीच तक्रार नाही.

पण आठवडाभरात उजवा गुडघा पुढून, वाटीच्या आजूबाजूला दुखायला लागला. चढावर जास्त, आणि नंतर जिना उतरतानाही. सायकल भावाची आहे. पाय जमिनीला नीट टेकावेत म्हणून मी सीट बरीच खाली घेतली होती, आणि मांड्या भरून आल्याशिवाय व्यायाम झाल्यासारखं वाटत नाही म्हणून जड गिअरवर चालवत होते. आता वाचल्यावर कळतंय की या दोन्हींचा भार गुडघ्याच्या वाटीवरच येतो. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला हवा म्हणतात. टाच पॅडलवर ठेवून पाहिली, तर तेव्हा पाय सरळ व्हायला हवा होता, माझा चांगलाच वाकलेला होता.

काल सीट २ सेंटिमीटर वर घेतली. अजून वर घ्यायला हवी, पण ती एकदम घ्यावी की थोडी थोडी? सीट जास्त वर गेली की कंबर डावी-उजवीकडे डोलते म्हणतात, ते चालवताना आपलं आपल्याला कसं कळतं?

दुसरं, माझं पॅडलिंग मिनिटाला ५५-६० फेऱ्यांचं आहे. हलक्या गिअरवर ८०-९० करायला गेले की सीटवर उसळते. हे सरावाने जातं का, की तिथेही सीटचाच दोष असेल? करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्याही येतात, बहुतेक हँडलवर फार रेलते म्हणून.

मात्र सगळ्यात जास्त काळजी पुढची आहे. सायकलमुळे दम टिकेल, पण हाडाला धावण्याचा भार मिळतच नाहीये. म्हणजे परवानगी मिळेल त्या दिवशी छाती ५ किलोमीटरला तयार असेल आणि नडगी १ किलोमीटरलाही नसेल. मागच्या वेळी दमावर विश्वास ठेवूनच मी चुकले, म्हणून या वेळी आधीच विचारून ठेवते आहे. जे यातून गेलेत त्यांनी चालणं आणि धावणं आलटून पालटून सुरू करताना मिनिटं कशी वाढवली? मधल्या दिवशी सायकल ठेवली का? आणि नडगीत जरा चमक आली तर ती साधी की धोक्याची, हे कशावरून ओळखलंत?

डॉक्टरांची पुढची भेट दोन आठवड्यांनी आहे, गुडघ्याचं त्यांना दाखवणारच आहे. तोपर्यंत चढ बंद, सपाटीवर हलक्या गिअरवर २० मिनिटं, एवढंच ठेवलं आहे. हेही थांबवावं असं वाटत असेल तर तसं स्पष्ट सांगा.