आईच्या एका कानाला अचानक ऐकू येईनासं झालंय, थांबू की दाखवू?

भांडुपची_लेक:
आई ६१ वर्षांची. सोमवारी सकाळी उठली ती म्हणाली, "डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं वाटतंय." फोन त्या कानाला लावला तर काहीच येत नाही. सतत शूंऽऽ आवाज, थोडं गरगरतं. कान दुखत नाही, वाहत नाही. जवळच्या डॉक्टरांनी मळ असेल म्हणून थेंब दिले, आठ दिवसांनी या म्हणाले. आज गुरुवार, काडीचा फरक नाही. आईला शुगर आहे. काय करू?

परळचा_दादा:
ताई, आठ दिवस थांबू नका. उद्या सकाळी केसपेपरच्या रांगेत उभ्या राहा. केईएम, सायन, नायर, कूपर, जे जवळ पडेल तिथला कान-नाक-घसा विभाग गाठा. खाजगी तज्ज्ञ आजच भेटत असेल तर आजच जा.

माझा उजवा कान असाच गेला. मलाही थेंबच मिळाले होते. मळच आहे, निघेल, असं म्हणत मी तीन आठवडे काढले. तज्ज्ञाकडे पोचलो तेव्हा ते म्हणाले, "आतल्या नसेचं आहे, फार उशीर केलात." औषधं घेतली, पण कान परत आला नाही. आता दादरच्या पुलावर कुणी हाक मारली तर ती कुठल्या बाजूनं आली ते कळत नाही, मी गोल फिरून बघतो. बायको कायम माझ्या डाव्या हाताला चालते.

घरी एक करून बघा. आईला तोंड मिटून "म्म्म" असा आवाज काढायला सांगा. तो बंद कानात घुमला तर मळ किंवा पडद्यामागचं पाणी असू शकतं. चांगल्या कानाकडे गेला तर नसेची शंका. डॉक्टर ट्यूनिंग फोर्क (नादकाटा) कपाळावर टेकवून हेच बघतात. उत्तर काहीही येवो, जायचं मात्र नक्की.

श्रवणतज्ज्ञ_ठाणे:
दादा बरोबर सांगतायत. तीन दिवसांच्या आत, लागून असलेल्या तीन फ्रिक्वेन्सींवर (आवाजाच्या पट्ट्यांवर) ऐकण्यात ३० डेसिबल किंवा जास्त घट झाली, तर ती तातडीची बाब धरतात. ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं ते मोजणारी तपासणी, करूनच घ्या, नुसतं दुर्बिणीनं कानात बघून हे कळत नाही. स्टिरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर उपयोग होण्याची शक्यता जास्त. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी शुगर वाढते, म्हणून मधुमेह आहे हे आधीच सांगा. पडद्यातून थेट मधल्या कानात स्टिरॉइडचं इंजेक्शन देण्याचाही मार्ग आहे. नसेवर गाठ नाही ना, यासाठी पुढे एमआरआय सांगतील, घाबरू नका.

वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था तपासण्या आणि श्रवणयंत्रासाठी चांगली, पण या घडीला आधी डॉक्टर.

भांडुपची_लेक:
"म्म्म" उजव्या कानात गेलं. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. शुक्रवारी सातच्या लोकलनं सायनला नेलं. ऑडिओमेट्रीत डावा कान ६५ डेसिबलवर, म्हणजे त्याहून हळू आवाज त्या कानाला येतच नाही. शुगर जास्त निघाली, म्हणून गोळ्यांऐवजी इंजेक्शन ठरलं. पहिलं झालं, पुढचं आठवड्यानं. चक्कर कमी आहे.

आज सकाळी तिनं आपणहून फोन डाव्या कानाला लावला. म्हणाली, "कुणीतरी बोलतंय एवढं कळतंय. शब्द नाही लागत अजून."